पाणीयोजनेची शाश्वतता आकडेमोडीत कशी आणायची? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

जलअभियांत्रिकी शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या आणि त्यात संशोधन करणाऱ्या वाचकांचे सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या पाणीपुरवठ्याच्या अभ्यासक्रमात शाश्वततेला शेवटचे दोन तास मिळतात. मुले व्याख्या पाठ करतात आणि डिझाइन मात्र पूर्वीसारखेच करतात. नवा विषय न वाढवता हे बदलता येईल का? (पदवी अभ्यासक्रमाच्या प्राध्यापिका)

येईल. दोन तासांचे व्याख्यान काढून टाका आणि ऊर्ध्ववाहिनीचा (पंपाने पाणी वर चढवणाऱ्या पाइपचा) व्यास ठरवण्याचे जे गणित तुम्ही तसेही देता, तेच थोडे लांबवा. शाश्वतता त्या गणितातच दडलेली आहे.

दर सेकंदाला ५० लिटर पाणी, ५ किलोमीटर लांबी, रोज २० तास उपसा, हेझन-विल्यम्सचा गुणांक (पाइप आतून किती गुळगुळीत ते सांगणारा आकडा) १३० आणि पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के, एवढे गृहीत धरा. घर्षणाने जाणारे हेड (पाण्याच्या उंचीत, मीटरमध्ये मोजलेला दाब) २०० मिमी व्यासाला ६४ मीटर येते, २५० मिमीला २१.६, ३०० मिमीला ८.९ आणि ३५० मिमीला ४.२ मीटर. (हे सारे आतले व्यास आहेत.) १ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला ९.८१ किलोजूल, म्हणजे ०.००२७२५ युनिट लागतात. वर्षाला १३,१४,००० घनमीटर पाणी जाते, तेव्हा घर्षणाच्या प्रत्येक मीटरमागे वर्षाला सुमारे ५,११५ युनिट. नुसत्या घर्षणावर जाणारी वीज अशी : २०० मिमीला ३.२८ लाख युनिट, २५० मिमीला १.११ लाख, ३०० मिमीला ४५ हजार, ३५० मिमीला २१ हजार.

इथे मुलांना थांबवा आणि दुसरा रकाना भरायला सांगा. दाबश्रेणी (पाइपने सोसायचा कमाल दाब) तीच ठेवली तर पाइपच्या भिंतीची जाडी व्यासाबरोबर वाढते, म्हणून साहित्य साधारण व्यासाच्या वर्गाने वाढते. २५० वरून ३०० वर गेले की साहित्य ४४ टक्क्यांनी वाढते आणि वर्षाला सुमारे ६५ हजार युनिट वाचतात. ३०० वरून ३५० वर गेले की आणखी ३६ टक्के साहित्य लागते, पण वाचतात २४ हजारच. पाइप तयार करताना झालेले उत्सर्जन किती वर्षांत फिटते, हे प्रत्येक पायरीला काढायला लावा. त्यासाठी साहित्याचे उत्सर्जन गुणांक उत्पादकाने जाहीर केलेल्या पर्यावरणीय माहितीपत्रकातून घ्यावेत आणि विजेचे त्या-त्या ग्रिडचे.

मग तीन गोष्टी बदलून तेच गणित पुन्हा करायला द्या. पहिली, वटावदर. ३० वर्षांचा वीजखर्च आजच्या मोलात आणताना ८ टक्के दर धरला तर वार्षिक खर्चाला ११.२६ ने गुणावे लागते, ३ टक्के धरला तर १९.६० ने. या एका आकड्यामुळे निवडलेला व्यास बदलू शकतो. हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, कोणीतरी ठरवलेला आहे, हे वर्गात स्पष्ट म्हणा. दुसरी, पाइपचे वय. गुणांक १३० वरून १०० वर घसरला की घर्षण ६३ टक्क्यांनी वाढते. २५० आणि ३०० मिमीमधला फरक सुरुवातीला १२.७ मीटरचा असतो, तो २०.७ मीटरवर जातो. नव्या पाइपच्या आकड्यांवर केलेली तुलना नेहमी लहान व्यासाच्या बाजूने झुकते, त्याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट बहुतेक पाठ्यक्रम वेगळ्या प्रकरणात ढकलतात : जलाघात. वीज अचानक गेली आणि प्रवाह एकदम थांबला तर दाबलहरीचा वेग १,००० मीटर प्रति सेकंद धरून झुकोव्स्कीच्या सूत्राने २०० मिमीत (वेग १.५९) सुमारे १६२ मीटर, २५० मिमीत (१.०२) १०४ आणि ३०० मिमीत (०.७१) ७२ मीटर इतका जादा दाब येतो. म्हणजे लहान व्यास निवडल्यावर पाइपची दाबश्रेणी किंवा संरक्षक उपकरणे वाढवावी लागतात, आणि ते साहित्यही त्याच पर्यायाच्या खात्यात मांडायला हवे. उलट बाजूला, ३५० मिमीत वेग ०.५२ वर येतो. पाणी गाळासकट उचलत असाल तर तळाशी गाळ बसण्याची भीती आहे. मोठा व्यास म्हणजे आपोआप शाश्वत, असा समज होऊ देऊ नका.

प्रश्न : ईपानेट या पाइपजाळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळे चालवले की काही नोडवर (पाइप जुळतात त्या बिंदूंवर) ऋण दाब दिसतो आणि तरीही तिथे पूर्ण मागणी पुरवली जात असल्याचे दाखवले जाते. मॉडेल चुकले की सॉफ्टवेअर? (चौथ्या वर्षाचा विद्यार्थी)

दोन्ही नाही. गृहीतक चुकले. ईपानेट मुळात मागणी ठरलेली मानून दाब काढते. नोडला दर सेकंदाला २ लिटर लिहिले असतील तर दाब शून्याखाली गेला तरी ते २ लिटर काढतेच. ऋण दाबाचा आकडा हा प्रत्यक्ष पाइपमधला दाब समजू नये. एवढी मागणी या जाळ्यातून पुरी होऊ शकत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

२०२० साली आलेल्या २.२ आवृत्तीत दाबावर अवलंबून पुरवठा मोजण्याची सोय आहे. हायड्रॉलिक पर्यायांमध्ये मागणीचे मॉडेल 'पीडीए' करा आणि किमान दाब, आवश्यक दाब व घातांक भरा. आवश्यक दाब न भरता सोडलात तर तो ०.१ धरला जातो. मग जवळजवळ शून्य दाबालाही पूर्ण मागणी मिळते आणि काहीच बदलले नाही असे वाटते. अनेकांची गाडी इथेच अडते. किमान ०, आवश्यक २० मीटर आणि घातांक ०.५ ठेवला तर ५ मीटर दाब असलेल्या नोडला निम्मी मागणी मिळेल, कारण ५ भागिले २० चे वर्गमूळ ०.५ आहे.

यानंतर प्रत्येक नोडसाठी मिळालेले पाणी भागिले मागितलेले पाणी हे गुणोत्तर काढा आणि नकाशावर रंगवा. सरासरी ९२ टक्के आली म्हणून समाधान मानू नका, सर्वांत खालचे दहा टक्के नोड कुठे आहेत ते पाहा. ते बहुधा उंचावर किंवा टोकाला असतात आणि टंचाईत रोज तेच ते नोड उपाशी राहतात. पाणी समान वाटले जाते का, हा शाश्वततेचा भाग तुम्हाला याच नकाशावर मोजता येतो.

पुरवठा खंडित असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. ईपानेट सगळे पाइप कायम भरलेले मानते. रिकामे पाइप भरत जाण्याचा पहिला अर्धा तास त्यात दिसत नाही. त्यासाठी अर्धवट भरलेले पाइप हाताळणारे एसडब्ल्यूएमएमसारखे साधन घ्यावे लागेल.

प्रश्न : गळती आणि दाब यांचा संबंध दाखवणारा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेत उभा करायचा आहे. साहित्य, मापे आणि कुठे चुका होतात ते सविस्तर सांगावे. (प्रयोगशाळा प्रमुख)

जागा थोडी लागते आणि निकाल थेट धोरणापर्यंत जातो, म्हणून हा प्रयोग जरूर उभा करावा.

६३ मिमी बाह्य व्यासाच्या एचडीपीई (लवचिक प्लास्टिक) पाइपचे १ मीटर लांबीचे तीन तुकडे घ्या. पहिल्यात ४ मिमीचे गोल छिद्र पाडा, दुसऱ्यात पाइपच्या लांबीच्या दिशेने ६० मिमी लांब व १ मिमी रुंद चीर, तिसऱ्यात तितकीच चीर परिघाच्या दिशेने. चीर पडल्यावर पाइप कमकुवत होतो, तेव्हा वरची दाबश्रेणी घ्यावी. ५० मीटर हेडला सेकंदाला किमान ३ लिटर देणारा पंप, दाब बदलण्यासाठी बायपास व्हॉल्व्ह, ० ते ६ बारचा दाबमापक आणि वजनकाट्यावर ठेवलेली टाकी एवढे पुरे. फवारा चहूकडे उडू नये म्हणून तुकड्यावर झाकण घालून पाणी टाकीत उतरवा.

दाबमापक गळतीच्या शक्य तितका जवळ, चाचणी तुकड्यावरच बसवा. तो पंपाजवळ ठेवला तर मधल्या व्हॉल्व्ह आणि बेंडमध्ये गेलेले हेड मोजणीत मिसळते. प्रवाह वाढेल तसे ते वाढते, त्यामुळे घातांक (गळती दाबाच्या कितव्या घाताने वाढते तो आकडा) खोटा खाली येतो. हवा पूर्ण काढूनच दाब द्या. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा धोकादायक असते, आणि याच कारणासाठी ठिसूळ यूपीव्हीसीच्या चिरलेल्या तुकड्यावर आडोशाशिवाय चाचणी घेऊ नये.

१०, २०, ३०, ४० आणि ५० मीटर असे पाच दाब घ्या. प्रत्येक दाबाला ठरावीक वेळ पाणी जमवून वजन करा. गोल छिद्रासाठी तपासणीचा आकडा हाताशी ठेवा : २० मीटरला ४ मिमीच्या छिद्रातून, बहिर्वाह गुणांक ०.६ धरून, सेकंदाला सुमारे ०.१५ लिटर यायला हवेत. म्हणजे दिवसाला जवळपास १३ घनमीटर. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या भोकातून इतके पाणी जाते हे पाहिल्यावर विद्यार्थी गप्प होतात. आकडा बराच वेगळा आला तर छिद्राच्या कडेला ड्रिलची कीस राहिली आहे का, हे आधी बघा.

एचडीपीई दाबाखाली हळूहळू ताणत राहते. लांबीच्या दिशेची चीर दाब वाढवल्यावर लगेच पूर्ण उघडत नाही आणि उतरवल्यावर लगेच मिटत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला समान थांबा घ्या, मोजणी चढत्या आणि उतरत्या दाबाला दोन्हीकडून करा आणि दोन रेषा वेगळ्या आल्या तर सरासरी काढून त्या पुसून टाकू नका. तो फरक हाच साहित्याचा गुण आहे.

प्रवाह आणि दाब लॉग-लॉग कागदावर मांडा. रेषेचा उतार म्हणजे घातांक. गोल छिद्राला तो ०.५ च्या आसपास येतो. लांबीच्या चिरेला स्पष्टपणे जास्त येतो, कारण दाबाबरोबर चीर रुंदावते आणि क्षेत्रफळच वाढते. परिघावरच्या चिरेत लांबीच्या दिशेचा ताण निम्मा असतो, त्यामुळे ती तशी उघडत नाही.

आता खरा उपयोग. एका विभागाचा दाब ४० वरून ३० मीटरवर आणला, तर घातांक ०.५ असताना गळती १३ टक्क्यांनी घटते, १ असताना २५ आणि १.५ असताना ३५ टक्क्यांनी. लवचिक पाइपांच्या जाळ्यात दाब नियंत्रणाचा लाभ लोखंडी जाळ्यापेक्षा वेगळा का असतो, ते विद्यार्थ्यांना स्वतःच्या मोजणीतून कळते. प्रयोगाच्या अहवालात हवेत सुटणारी आणि मातीत गाडलेल्या पाइपमधून सुटणारी गळती सारखी वागत नाही, ही मर्यादा लिहायला सांगा. सवड असेल तर चौथा तुकडा वाळूत पुरून तीच मोजणी करा.

प्रश्न : डक्टाइल आयर्न आणि एचडीपीई पाइपच्या जीवनचक्र मूल्यमापनावर (निर्मितीपासून वापर संपेपर्यंतच्या पर्यावरणीय हिशेबावर) प्रबंध करत आहे. १ किलोमीटर पाइप हे एकक घेतले, पण परीक्षकांनी ते नाकारले. का? (संशोधक विद्यार्थिनी)

परीक्षकांचा आक्षेप योग्य आहे. आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत तुलनेचे एकक कार्यावर ठरवावे असे म्हटले आहे. लोकांना किलोमीटर नको असतो, पाणी हवे असते. 'नळाशी ठरावीक दाबाने पोचलेले १ घनमीटर पाणी' असे एकक घ्या. ते घेतले की गळती आपोआप हिशेबात येते : ३० टक्के गळती असेल तर १ घनमीटर पोचवायला १.४३ घनमीटर शुद्ध करून उपसावे लागते.

तुमच्या तुलनेत आणखी एक खड्डा आहे. '२५० चा पाइप' या दोन शब्दांचा अर्थ दोन साहित्यांत एक नाही. एचडीपीईचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) ११ असेल तर भिंत २२.७ मिमी, आतला व्यास २०४.६ मिमी. डक्टाइल आयर्नच्या डीएन २५० चा बाहेरचा व्यास २७४ मिमी असतो आणि आतला साधारण २५० च्या जवळ. आतले व्यास २५० आणि २०४.६ धरले तर त्याच प्रवाहाला घर्षण २.६५ पट होते. एचडीपीईला गुणांक १५० आणि दुसऱ्याला १३० दिला तरी ते दुपटीच्या आसपास राहते. नाव सारखे म्हणून ही जोडी लावली तर कारखान्याच्या दारापर्यंत एक पर्याय जिंकतो आणि पन्नास वर्षांच्या विजेत हरतो. आधी समान प्रवाह आणि समान हेड देणारे व्यास निवडा, मग किलोग्रॅम मोजा.

अनिश्चिततेसाठी माँटे कार्लो (आकडे यादृच्छिक बदलून अनेक फेऱ्यांत तेच गणित) करणार असाल तर दोन्ही पर्यायांना प्रत्येक फेरीत विजेचा तोच उत्सर्जन गुणांक द्या आणि फरकाचे वितरण पाहा. प्रत्येकाचे वेगळे वितरण काढून ते एकमेकांवर चढतात, म्हणून 'फरक नाही' असा निष्कर्ष काढणे ही या विषयातल्या प्रबंधांत वारंवार दिसणारी चूक आहे. आणि पुढे सांडपाण्याकडे वळलात तर फक्त वीज मोजू नका. नायट्रस ऑक्साइडची १०० वर्षांतली तापनक्षमता आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट आहे. प्रक्रिया टाक्यांतून थोडासा सुटला तरी वीजबचत झाकोळते.

प्रश्न : पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवला की वेग निम्मा केल्यावर वीज आठपट कमी लागते, असे शिकवले जाते. हे सगळीकडे लागू आहे का? (पॉलिटेक्निकचे अधिव्याख्याते)

नाही. वीज वेगाच्या घनाने घटते हा नियम, नुसते घर्षणच असलेल्या प्रणालीत चालतो. समजा ४० मीटर स्टॅटिक हेड (पाणी चढवायची निव्वळ उंची) आहे आणि पंपाचे बंद व्हॉल्व्हवरचे हेड ६० मीटर आहे. हेड वेगाच्या वर्गाने घटते, म्हणून वेग ८२ टक्क्यांखाली आला की पंप ४० मीटर गाठूच शकत नाही. पाणी वर जात नाही, पंपात घुसळून तापते आणि वीज मात्र जळत राहते. टाकी भरण्यासाठी उपसा करायचा असेल तर योग्य बिंदूवर चालणारा, नीट निवडलेला स्थिर वेगाचा पंप अनेकदा सरस ठरतो. निर्णय प्रति घनमीटर युनिटवर घ्या, किलोवॉटवर नको. वर्गात पंपाचा आणि प्रणालीचा वक्र एकाच आलेखावर काढल्याशिवाय हा नियम सांगूच नये.

प्रश्न : पावसाळी गटारांच्या डिझाइनमध्ये हवामानबदलासाठी पावसाची तीव्रता सरसकट काही टक्के वाढवणे पुरेसे आहे का? (पदव्युत्तर विद्यार्थी)

सुरुवात म्हणून ठीक. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे वाढीला भौतिक आधार आहे. पण आकड्यांचे वजन पाहा. १० हेक्टर क्षेत्र, ताशी ६० मिमी पाऊस आणि ०.५ अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा भाग) धरला की रॅशनल पद्धतीने सेकंदाला ०.८३ घनमीटर प्रवाह येतो. पाऊस १५ टक्क्यांनी वाढवला तर ०.९६. बांधकाम वाढून गुणांक ०.७ झाला तर १.१७, म्हणजे ४० टक्के वाढ. जमिनीवरचा बदल पावसाच्या बदलावर मात करतो, आणि तो बदल नियोजनाच्या हातात असतो. गुणांक ०.५ वर रोखून धरणे हाही एक डिझाइन पर्याय म्हणून तक्त्यात मांडा : छतावरचे पाणी जिरवणे, पाझरती फरसबंदी, उथळ साठवण खड्डे. पाझरती फरसबंदी गाळाने बुजते, म्हणून बांधकाम चालू असलेल्या उताराच्या खाली ती घालू नये आणि ती झाडण्याचे काम कोणाचे ते कागदावर लिहिलेले असावे.

पाइपची क्षमता व्यासाच्या ८/३ घाताने वाढते. १५ टक्के जादा प्रवाहाला व्यास फक्त साडेपाच टक्के वाढवावा लागतो, ४० टक्क्यांना साडेतेरा. खोदाई तेवढीच करायची असेल तर पहिली वाढ करून टाकावी.

तरीही पाइप कधीतरी अपुरा पडणारच. २५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस ५० वर्षांच्या आयुष्यात किमान एकदा येण्याची शक्यता ८७ टक्के आहे, १०० वर्षांच्या पावसाची ३९ टक्के. तेव्हा पाणी गटाराबाहेर आल्यावर कोणत्या रस्त्याने, किती खोलीने आणि कुठवर जाईल याचा नकाशा हा डिझाइनचा अर्धा भाग आहे. रस्त्याचा उभा छेद आणि जोत्याची पातळी त्या नकाशावरून ठरवा.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात 'शाश्वत' शब्द शीर्षकात असतो, आत नसतो. तोंडी परीक्षेत काय विचारावे? (बहिःस्थ परीक्षक)

तीन प्रश्न पुरतात. नाकारलेला दुसरा पर्याय कोणता आणि कोणत्या आकड्यावर नाकारला? तुमच्या निर्णयाला उलटवणारा आकडा कोणता : वटावदर, वीज गुणांक, लोकसंख्या की गळती? तो किती बदलला की निर्णय फिरतो? आणि योजनेतला कोणता भाग सर्वांत आधी बदलावा लागेल, डिझाइनच्या काळात किती वेळा, आणि तो काढायला पाणी किती तास बंद ठेवावे लागेल?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक प्रकल्पांकडे उत्तर नसते. पाइपांना ५० वर्षे दिलेली असतात आणि पंपालाही नकळत तीच. पंपघराच्या आराखड्यात राखीव पंप, दोन्ही बाजूंचे स्लुइस व्हॉल्व्ह, पंप उचलायला वर मोनोरेल आणि दारातून तो बाहेर निघेल एवढी रुंदी दिसते का, ते कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. गाळणीच्या उलट धुलाईचे पाणी कुठे सोडले आहे तेही विचारा. ते नाल्याकडे बाणाने दाखवून सोडले असेल तर त्याचे रोजचे घनमीटर तिथेच, समोर बसून काढायला लावा.